सीकॅश : दुसऱ्यांदा कंपाइल करणाऱ्यांचं औजार

लिनक्सवर एखादं डेस्कटॉप सॉफ्टवेअर सोर्सवरून कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करायला घेतलं आणि टर्मिनलवरचे टक्के मुंगीच्या पावलांनी सरकायला लागले, की सगळीकडून एकच सल्ला येतो : सीकॅश टाक. सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. सीकॅश हे उत्तम सॉफ्टवेअर आहे : एकदा कंपाइल झालेल्या फायली साठवून ठेवतं आणि तोच कोड पुन्हा आला की तयार काढून देतं. मात्र पहिल्यांदा होणारं कंपाइल ते एका सेकंदानेही कमी करत नाही, उलट किंचित वाढवतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तोच कोड पुन्हा कंपाइलरकडे गेला तरच त्याचा फायदा. म्हणून बसवण्याआधी मशीन किती जुनं आहे हे बघण्यापेक्षा आपण तीच गोष्ट महिन्यातून किती वेळा कंपाइल करतो, ते आधी मोजावं.

मूळ कल्पना एरिक थील यांच्या ‘कंपाइलरकॅश’ या शेल स्क्रिप्टची. साम्बा आणि आरसिंक या सॉफ्टवेअरवाले अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती २००२ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिली, तेच सीकॅश. २०१० पासून जोएल रोसडाल ते सांभाळतात. २०२० च्या ४.० आवृत्तीत हॅश (मजकुराचा छोटा ठसा) काढण्याची पद्धत बदलून ब्लेक३ आली आणि साठवलेल्या फायली झेडस्टँडर्डने आपोआप आकसायला लागल्या. इथे जे लिहिलं आहे ते ४ च्या मालिकेबद्दल. ३ ची आवृत्ती अजून कुठे असेल तर आधी ती बदला. परवाना जीपीएलचा, पैसे शून्य, मागे चालणारी सेवा नाही, खातं उघडायचं नाही. एक छोटा प्रोग्रॅम कंपाइलरच्या दारात उभा राहतो, एवढंच.

दारात उभा राहून तो काय करतो हे एकदा समजलं की पुढच्या सगळ्या तक्रारी आपोआप उलगडतात. जीसीसी किंवा क्लँग या कंपाइलरला हाक मारली की आधी सीकॅश जागा होतो. सोर्स फाइल, कंपाइलरची ओळख आणि फ्लॅग (त्याला दिलेल्या सूचना) यांचा मिळून एक हॅश काढतो. त्या हॅशखाली मागच्या वेळी कोणकोणते हेडर (अनेक फायली वाचतात त्या समाईक फायली) वाचले गेले त्याची यादी ठेवलेली असते. ते हेडर आजही अक्षरश: तसेच असतील, तर साठवलेली ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे मागच्या वेळी कंपाइल होऊन निघालेली फाइल, उचलून देतो आणि कंपाइलरला उठवतच नाही. ही थेट पद्धत. ती फसली तर दुसरी : फक्त प्रीप्रोसेसर (हेडर आत घालून सलग मजकूर करणारा पहिला टप्पा) चालवायचा, त्यातून जो मजकूर निघेल त्याचा हॅश काढायचा आणि तो ओळखीचा आहे का ते बघायचं. दोन्ही फसल्या तर खरा कंपाइलर चालतो, आणि तो मूळ फाइलवर पुन्हा प्रीप्रोसेसिंगपासून सुरू करतो. रिकाम्या कॅशवरचा पहिला बिल्ड, म्हणजे अख्ख्या प्रकल्पाची बांधणी, थोडा हळू होतो तो या दुहेरी कामामुळे.

दुसऱ्या पद्धतीची खरी किंमत एका उदाहरणात कळते. बऱ्याच प्रकल्पांत आवृत्तीचा आकडा किंवा गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या औजाराच्या) कमिटचा, म्हणजे नोंदीचा, हॅश एका कॉन्फिग हेडरमध्ये लिहिला जातो आणि तो हेडर शेकडो फायली वाचतात. एक कमिट झाला की हेडर बदलला, म्हणजे थेट पद्धत सगळीकडे हुकली. पण ज्या फायली तो मॅक्रो (हेडरमध्ये नाव देऊन लिहिलेली ती किंमत) वापरतच नाहीत, त्यांच्या प्रीप्रोसेस केलेल्या मजकुरात तो दिसतच नाही. तिथे दुसरी पद्धत हमखास पकडते. डीबगसाठी (चुका शोधण्यासाठी) जी३ चा फ्लॅग लावला असेल तर मात्र मॅक्रोसुद्धा मजकुरात उतरतात आणि ही सोय जाते. साध्या कामाला जी किंवा जी१ पुरतो. जी३ सवयीने लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

बसवण्याचं काम प्रत्येक डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक वाणात, वेगळं आहे. डेबियन आणि उबंटूत नुसतं पॅकेज टाकून काहीच होत नाही. /यूएसआर/लिब/सीकॅश या फोल्डरमध्ये जीसीसी, क्लँग यांच्या नावाच्या सिमलिंक (सीकॅशकडे बोट दाखवणाऱ्या फायली) असतात आणि हे फोल्डर पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यात पुढे आणावं लागतं. अर्धे लोक इथेच चुकतात : पाथच्या शेवटी जोडतात, मग खरा जीसीसी आधी सापडतो आणि सीकॅशला कुणी विचारत नाही. फेडोरात पॅकेज टाकून नवीन टर्मिनल उघडलं की पाथ आपोआप लागतो. आर्चमध्ये पॅकेज बांधणाऱ्या मेकपॅकेजच्या कॉन्फिग फाइलमध्ये बिल्डएन्व्हची ओळ असते, तिथे सीकॅशच्या आधीचं उद्गारचिन्ह काढायचं. त्याच फाइलमधली मेकफ्लॅग्जची ओळही बघून घ्या. ती मुळात कॉमेंट केलेली असते, त्यामुळे कित्येक जण आठ कोअरच्या मशीनवर एका कोअरने एयूआरची (आर्चच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या साठ्यातली) पॅकेजं बांधत बसतात आणि दोष सीकॅशला देतात. जेंटूत फीचर्समध्ये सीकॅश लिहायचं, शिवाय कॅशचं फोल्डर पोर्टेजच्या (जेंटूच्या पॅकेज बांधणाऱ्या औजाराच्या) ग्रुपला लिहिता येईल असं ठेवायचं आणि सीकॅशच्या कॉन्फिगमध्ये उमास्क (नव्या फायलींच्या परवानगीचा आकडा) ००२ करायचा. नाहीतर रूटने एकदा काही चालवलं की पुढच्या बिल्डला परवानगीचे एरर येतात.

प्रकल्पाच्या बाजूने बघितलं तर बिल्ड जुळवून देणाऱ्या औजारांत मेसन सर्वांत सोयीचं : सीकॅश मशीनवर दिसला की स्वतःहून वापरतं. सीमेकला ‘कंपाइलर लाँचर’ची व्हेरिएबल द्यावी लागते, सी साठी एक आणि सी++ साठी दुसरी. फक्त सी++ ची दिली तर सी च्या फायली गुपचूप बाहेरच राहतात. आधीपासून अर्धा बांधलेला निंजाचा (कंपाइलच्या कमांड प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) बिल्ड असेल आणि मध्येच लाँचर लावला, तर निंजा सगळं पहिल्यापासून करायला घेतो, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक फाइलची कमांडच बदललेली असते. तेव्हा हे सुरुवातीलाच करा, ऐंशी टक्क्यांवर पोहोचल्यावर नको.

कॅशची मर्यादा मुळात ५ जीबी असते. इंकस्केपसारख्या एका प्रकल्पाला ती पुरेशी आहे. लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्स डीबग माहितीसकट बांधणार असाल तर २० ते ३० जीबीपासून सुरुवात करावी. आणि केडीईचा अख्खा डेस्कटॉप बांधणाऱ्याने त्याहून वर जायला हरकत नाही. मर्यादा मोठ्या एम च्या पर्यायाने वाढवतात. हा आकडा कमी ठेवण्याचा परिणाम फार वाईट असतो. कॅश भरला की सर्वांत जुन्या नोंदी काढल्या जातात. प्रकल्प कॅशपेक्षा मोठा असला तर बिल्डचा दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्याला हुसकावून लावतो, आणि पुढच्या वेळी सुरुवातीच्याच फायली गायब असतात. म्हणजे डिस्क भरलेली, कॅश गच्च आणि फायदा जवळपास शून्य. आकडेवारीत ‘क्लीनअप’चा आकडा एका बिल्डमध्ये भराभर वाढताना दिसला तर दुसरं काही तपासू नका, जागा वाढवा.

इथे एसएसडी हवाच. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर लाखभर बारक्या फायलींचा कॅश ठेवला आणि प्रकल्प साध्या सी भाषेतला, छोट्या फायलींचा असला, तर नाकापेक्षा मोती जड होतो : कंपाइलरला जेवढा वेळ लागला असता तेवढाच ऑब्जेक्ट शोधण्यात जातो. फायदा सर्वांत ठळक दिसतो तो जड सी++ मध्ये, जिथे एकेका फाइलमागे बूस्ट नाहीतर आयगेन या लायब्ररींचे टेम्प्लेट उलगडण्यात वीस-तीस सेकंद जातात. तिथे कॅशमधून फाइल मिळणं म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच काम झालेलं.

आता तक्रारींकडे. सीकॅश लावला पण फरक पडला नाही, या तक्रारीची कारणं मोजकीच असतात आणि त्यातली बहुतेक कॉन्फिगमध्ये दोन ओळी लिहून सुटतात.

पहिलं कारण फोल्डरचा पत्ता. सीमेक कंपाइलरला पूर्ण पत्ते देतं आणि डीबग माहिती हवी असेल तर सीकॅश चालू फोल्डरचं नावही हॅशमध्ये घालतो. ते बरोबरच आहे, कारण ते नाव ऑब्जेक्ट फाइलमध्ये उतरतं. पण जेंटूत बिल्डच्या फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. १.४ चं १.४.१ झालं की फोल्डर बदललं, पत्ता बदलला आणि एकही अक्षर न बदललेल्या फायलीसुद्धा नव्याने कंपाइल झाल्या. गिटच्या दोन वर्कट्रीमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या फोल्डरांत, तोच प्रकल्प ठेवणाऱ्यांचंही हेच दुखणं. उपाय दोन सेटिंगचा : बेस_डिर मध्ये वरचं समाईक फोल्डर लिहायचं, म्हणजे त्याखालचे पूर्ण पत्ते सापेक्ष होतात, आणि हॅश_डिर बंद करायचं. याचा मोबदला द्यावा लागतो. जीडीबी या डीबगरमध्ये उघडल्यावर कधीकधी सोर्सचं फोल्डर जुनंच दिसतं आणि फाइल सापडत नाही. रोज डीबगरमध्ये बसणाऱ्याने हॅश_डिर चालू ठेवून फोल्डरच एकसारखं ठेवावं. नुसतं वापरण्यापुरतं बांधणाऱ्याने बिनधास्त बंद करावं.

दुसरं कारण कंपाइलरची ओळख. सीकॅश मुळात कंपाइलरच्या फाइलची तारीख आणि आकार बघतो. डिस्ट्रोने जीसीसीची तीच आवृत्ती नव्याने बांधून पाठवली, तरी तारीख बदलते आणि अख्खा कॅश एका रात्रीत निरुपयोगी. आर्चसारख्या सतत पुढे सरकणाऱ्या डिस्ट्रोत आणि जीसीसी स्वतः बांधणाऱ्या जेंटूत हे वरचेवर घडतं. कंपाइलर_चेक मध्ये ‘कंटेंट’ लिहिलं तर फाइलचा मजकूर तपासला जातो, तोच बायनरी पुन्हा बसवला असेल तर कॅश वाचतो. जेंटूत बायनरीही बदलत असल्यामुळे कंपाइलरला लहान व्ही देऊन मिळणारं वर्णन तपासायला सांगतात. नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावर भरवसा ठेवण्याचा सल्लाही फिरतो. तो पाळू नये : मधल्या पॅचने जीसीसीतला एखादा दोष दुरुस्त झाला असेल, तर त्या दोषासकट बांधलेल्या जुन्या ऑब्जेक्ट फायली तुमच्या बायनरीत खुशाल येतील.

तिसरं, वेळेचे मॅक्रो. एखाद्या फाइलमध्ये टाइमचा मॅक्रो असेल तर थेट पद्धत बंद होते. तारखेचा असेल तर दिवस बदलेपर्यंतच कॅश लागतो. डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये अशा फायली दोन-चारच असतात, ‘अबाउट’च्या खिडकीत बिल्डची तारीख दाखवायची असते तेवढ्यापुरत्या. त्यांच्यासाठी डोकं खपवू नका. लिनक्स कर्नल मात्र अपवाद. तिथे बिल्डची वेळ ठरावीक ठेवली नाही तर एकही फाइल कॅशमधून येणार नाही, असा इशारा कर्नलच्या क्लँगविषयीच्या दस्तऐवजातच दिला आहे. केबिल्ड_बिल्ड_टाइमस्टॅम्प ही व्हेरिएबल रिकामी देऊन मेक चालवला की काम होतं.

चौथ्या कारणावर मात्र उपाय नाही. सीकॅश कंपाइल साठवतो, लिंकिंग (सगळ्या ऑब्जेक्ट फायली जोडून एक प्रोग्रॅम करणं) साठवत नाही. एलटीओ (लिंकच्या वेळी ऑप्टिमाइझ करायची पद्धत) चालू असेल तर ऑब्जेक्ट फाइलमध्ये मशीनचा कोड नसून कच्चा माल असतो, आणि खरं ऑप्टिमायझेशन लिंकच्या वेळी होतं. त्यामुळे आकडेवारी शंभर टक्के यश दाखवते आणि तुम्ही शेवटच्या एका ओळीवर चहा संपून कप धुवून होईपर्यंत थांबलेले असता. फायरफॉक्सला पीजीओ (प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवरून ऑप्टिमाइझ करणं) लावला तर काम आणखी वाढतं : ब्राउझर एकदा बांधायचा, तो चालवून माहिती गोळा करायची, मग तीच माहिती घेऊन दुसऱ्यांदा बांधायचा. दुसऱ्या फेरीचे फ्लॅग वेगळे असल्याने पहिल्या फेरीचा कॅश तिला उपयोगी पडत नाही. घरच्या वापराला एलटीओ आणि पीजीओ दोन्ही बंद ठेवणं यापेक्षा मोठी बचत कोणतंही औजार देणार नाही. ब्राउझर थोडा मंद होतो हे खरं. तो फरक ज्याला खुपतो त्याने डिस्ट्रोचा तयार ब्राउझर घ्यावा, तो बरेचदा या दोन्ही गोष्टींसकट बांधलेला असतो.

पाचवं कारण रस्ट ही भाषा. सीकॅशला रस्ट समजत नाही आणि फायरफॉक्समध्ये रस्ट भरपूर आहे. त्यासाठी मोझिलाचं एससीकॅश आहे, ते सी, सी++ आणि रस्ट तिन्ही हाताळतं. कार्गोचं (रस्टच्या बिल्डच्या औजाराचं) इन्क्रिमेंटल, म्हणजे तुकड्यातुकड्याने कंपाइल करणं, बंद केल्याशिवाय मात्र त्याचा रस्टमध्ये उपयोग नाही, आणि शेवटचा चालवता येणारा बायनरी ते साठवत नाही. फक्त फायरफॉक्सच बांधायचा असेल तर एससीकॅश घ्या. बाकी सगळं सी++ असेल तर सीकॅश जास्त शांतपणे काम करतो, कारण त्याचा मागे चालणारा सर्व्हर नाही. आणि फायरफॉक्सच्या दिसण्यातच, म्हणजे जावास्क्रिप्ट आणि सीएसएसमध्ये बदल करायचे असतील तर कंपाइल करूच नका. ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ चालू केला की मोझिलाने बांधलेला सी++ आणि रस्टचा भाग तयार उतरतो.

प्रीकंपाइल्ड (आधीच कंपाइल करून ठेवलेले) हेडर वापरणारे प्रकल्प हे आणखी एक त्रांगडं. सीकॅशला त्यासाठी ‘स्लॉपीनेस’मध्ये (ढिलाईच्या सेटिंगमध्ये) दोन सवलती द्याव्या लागतात, पीसीएच_डिफाइन्स आणि टाइम_मॅक्रोज. जीसीसीला एक जादा फ्लॅग, क्लँगला दुसरा. एवढी खटपट करण्यापेक्षा सीकॅशसोबत प्रीकंपाइल्ड हेडर बंद करून एकदा घड्याळ लावून बघा. बहुतेक ठिकाणी तेच बरं पडतं.

नेमकं काय हुकतंय ते अंदाजाने शोधू नये. बिल्डच्या आधी लहान झेड देऊन आकडे शून्य करा, बिल्ड होऊ द्या, मग लहान एस देऊन आकडे वाचा. वर ‘कॅशेबल’ म्हणजे साठवता येण्याजोग्या हाका, त्यांचे ‘हिट’ आणि ‘मिस’. हिटमध्ये पुन्हा दोन भाग, थेट आणि प्रीप्रोसेस्ड. प्रीप्रोसेस्डचा भाग मोठा असेल तर एखादा हेडर दर वेळी बदलतोय, बहुधा तोच आवृत्तीवाला. ‘अनकॅशेबल’ मोठा असेल तर त्यात लिंकिंगच्या हाकाही मोजलेल्या असतात, घाबरू नका. सगळेच आकडे शून्य असतील तर सीकॅश वाटेत उभाच नाही, पाथ तपासा. आणि सगळे मिस असतील तर खरी गंमत पुढे आहे : सीकॅश_डीबग ही व्हेरिएबल १ करून तोच बिल्ड दोनदा करा. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलशेजारी एक मजकुराची फाइल पडते, हॅशमध्ये काय काय गेलं त्याची. पहिल्या बिल्डची फाइल बाजूला काढून दुसऱ्याशी डिफ करा, म्हणजे फरक काढा. जी ओळ वेगळी दिसेल तोच गुन्हेगार : कुठे फोल्डरचं नाव, कुठे कंपाइलरची तारीख, कुठे टेंप फोल्डरमधल्या एखाद्या आपोआप तयार झालेल्या हेडरचा दर वेळी बदलणारा पत्ता. एवढं सोपं निदान या जातीच्या दुसऱ्या कोणत्याही औजारात नाही. सीकॅशचा सर्वांत मोठा गुण वेग नव्हे, हा आहे.

आणि तरीही असंख्य मशीनवर हे सगळं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. सोळा थ्रेडचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, आणि क्यूटी वेबइंजिन नाहीतर वेबकिट असं ब्राउझरचं इंजिन बांधायला काढलेलं. निंजा सोळा थ्रेड बघून एकाच वेळी अठरा फायली घेतो, आणि जड सी++ ची एकेक फाइल दीड-दोन जीबी मेमरी मागते. मशीन स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या उसन्या मेमरीत) जातं, माउसचा बाण गोठतो, डिस्कचा दिवा जळत राहतो. थोड्या वेळाने कर्नल सीसी१प्लसला (जीसीसीच्या सी++ कंपाइलरला) मारून टाकतो आणि बिल्ड ‘किल्ड’ या एका शब्दावर संपतो. पुष्कळ लोक तो कोडमधला एरर समजून नेटवर शोधत बसतात. जेंटूच्या हँडबुकातला हिशोब पाठ करण्यासारखा आहे : एका कामामागे किमान २ जीबी. १६ जीबीत ब्राउझर उघडा ठेवायचा असेल तर सहा, बंद केला तर आठ. सोळाच्या जागी आठ कामं दिली तर बिल्ड लवकर संपतो. ऐकायला उलटं वाटेल, पण स्वॅपमध्ये घसरलेले सोळा कंपाइलर मेमरीत मावणाऱ्या आठांच्या पुढे कधीच जात नाहीत. झेडरॅम (मेमरीतच दाबून ठेवलेला स्वॅप) लावल्याने काठावरचा बिल्ड वाचतो, मात्र कामांचा आकडा वाढवायचं ते निमित्त नाही. बिल्डचं फोल्डर टेंपएफएसमध्ये (मेमरीतल्या फोल्डरात) ठेवायची हौस असेल तर तेही याच मेमरीतून जातं हे विसरू नका.

शेवटच्या टप्प्यावर अडकत असाल तर दुखणं लिंकरचं. नेहमीचा बीएफडी लिंकर डीबग माहितीने भरलेल्या मोठ्या बायनरीवर मिनिटं खातो. रुई उएयामा यांचा मोल्ड तेच काम बरेचदा काही सेकंदांत उरकतो. एलएलडी या आधीच्या लिंकरमागेही तेच होते. मोल्डची १.० आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली, २.० पासून परवाना एमआयटीचा झाला. लिंकरच्या फ्लॅगमध्ये ‘यूज एलडी’पुढे मोल्ड लिहिलं की झालं, सीमेक ३.२९ पासून त्यासाठी वेगळी व्हेरिएबलही आहे. एक फाइल बदलून पुन्हा बांधणाऱ्या डेव्हलपरच्या बाबतीत मोल्डचा फायदा सीकॅशपेक्षा जास्त असतो, कारण तिथे कंपाइल एकाच फाइलचं आणि लिंकिंग अख्ख्या प्रोग्रॅमचं. निंजाने बाकीच्या फायली तशाही सोडलेल्या असतात, सीकॅशला तिथे कामच उरत नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. अर्धा तास सगळे कोअर पेटलेले राहिले की प्रोसेसर तापतो आणि स्वतःहून वेग उतरवतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या आसपास असते, तिथे पंख्याची धूळ न काढता बिल्ड लावणं म्हणजे सुरुवातीची दहा मिनिटं सुसाट आणि मग बैलगाडी. मागची बाजू इंचभर उचलून ठेवली आणि जाळी साफ केली तरी फरक पडतो. ‘सिस्टमडी-इनहिबिट’ लावून बिल्ड चालवला तर मध्येच स्लीपमध्ये जाणंही टळतं.

घरात दुसरं मशीन रिकामं असेल तर कंपाइलचं काम त्याच्यावर वाटून देणारं डिस्टसीसी आहे, सीकॅशच्या मागे त्याला जोडता येतं. दोन्हीकडे कंपाइलरची आवृत्ती एकच हवी, जोडणी वायफायची नको, गिगाबिटची केबल हवी, आणि ‘मार्च=नेटिव्ह’ (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी बांध) हा फ्लॅग काढून प्रोसेसरचं नाव लिहायला हवं, कारण ‘नेटिव्ह’चा अर्थ दोन मशीनवर दोन. त्याला मुळात कूटबद्धता नाही, तेव्हा घरच्या नेटवर्कबाहेर उघडू नका. एका दुसऱ्या मशीनसाठी ही खटपट काठावरची वाटते. तीन-चार असतील तर गोष्ट वेगळी.

मग सीकॅश नेमका कुणी घ्यावा? केडीई किंवा इंकस्केपला पॅच पाठवणाऱ्याने डोळे मिटून. गिटची शाखा बदलली की शेकडो फायलींच्या तारखा बदलतात, निंजा त्या सगळ्या कंपाइलला लावतो, आणि परत मूळ शाखेवर आलं की पुन्हा तेच. सीकॅश तारखेकडे न बघता मजकुराकडे बघतो, त्यामुळे परतीचा प्रवास जवळपास फुकट. बायसेक्ट करणाऱ्यालाही (दोष कोणत्या कमिटने आला ते अर्धे-अर्धे करत शोधणाऱ्यालाही) तेच सुख, विशेषतः शेवटच्या पाच-सहा पायऱ्यांत, जिथे कमिट एकमेकांच्या जवळ येतात. जेंटूवाल्याने जपून : दर महिन्याला नव्या आवृत्तीचा ब्राउझर बांधायचा तर त्यात बदललेल्या फायली एवढ्या असतात की कॅशने वाचवलेला वेळ दुर्बीण लावून शोधावा लागतो. त्याच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूने सुरू केलेला तयार पॅकेजांचा साठा जास्त कामाचा. फीचर्समध्ये गेटबिनपॅकेज लिहायचं, पॅकेजांच्या सह्या तपासण्याची सोय लावायची, जिथे यूज फ्लॅग (पॅकेजात काय हवं-नको त्या निवडी) जुळतील तिथे पॅकेज तयार उतरेल, जिथे नाही तिथेच कंपाइल. लिब्रेऑफिस आणि रस्टसाठी नावाच्या शेवटी ‘बिन’ लावलेली पॅकेजं मुळातच वेगळी आहेत.

एयूआरमधून वर्षातून चार वेळा काहीतरी बांधणाऱ्याला सीकॅशची गरज नाही, एक प्रसंग सोडून, आणि तो प्रसंग आपल्याकडे दुर्मिळ नाही : नव्वद टक्क्यांवर वीज जाणं. जेंटूचा पोर्टेज तर असा तुटलेला बिल्ड मुळात पुन्हा पहिल्यापासून काढतो, कामाचं फोल्डर पुसून. सीकॅश चालू असेल तर पुसलेलं फोल्डर भरायला बराच कमी वेळ लागतो, कारण पूर्ण झालेल्या फायलींच्या प्रती कॅशमध्ये सुखरूप आहेत आणि फोल्डरचं नावही तेच आहे. मेमरी संपून मेलेला किंवा एका विसरलेल्या लायब्ररीवरून अडलेला बिल्डही असाच सावरतो. भारनियमन असलेल्या गावात इन्व्हर्टरवर आठ तासांचं काम लावणाऱ्याने तेवढ्यासाठी तरी १० जीबी बाजूला ठेवायला हरकत नाही.

काढून टाकायचा झाला तर दोन गोष्टी मागे राहतात. होममधल्या डॉट-कॅश फोल्डरात सीकॅशचा साठा तसाच पडून असतो, पॅकेज काढल्याने तो जात नाही. म्हणून काढण्याआधी मोठा सी देऊन रिकामा करा, आणि वापरात असतानाही बॅकअपमधून तो वगळा. दुसरं, सीमेकने लाँचरचं नाव प्रत्येक बिल्ड फोल्डरच्या स्वतःच्या कॅश फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. सीकॅश गेल्यावर जुन्या फोल्डरात निंजा चालवला की पहिल्याच फाइलला ‘सीकॅश सापडला नाही’ असा एरर येतो. त्या फाइलमधल्या लाँचरच्या दोन्ही ओळी काढून सीमेक पुन्हा चालवा, मग बिल्ड सुरू होतो, अर्थात पहिल्या फाइलपासून.